उभं राहणारं गिऱ्हाईक

चर्चच्या मंडळीतले सगळे त्यांना काळजीवाहू म्हणायचे. पाठीमागे नाही, तोंडावर. आणि त्यांना त्याचा राग यायचा नाही, कारण राग धरायलासुद्धा सवड लागते आणि यांची सगळी सवड काळजीत जायची. धंदा बुटांचा. विकायचा नव्हे, शिवायचा आणि दुरुस्तीचा. रस्त्याच्या वळणावर, काही पायऱ्या उतरून जायचं, असं चामड्याच्या आणि सरसाच्या वासाचं छोटं दुकान होतं. संध्याकाळी ते बंद करून निघाले की कोपऱ्यापर्यंत जायचे, परत यायचे, कुलूप ओढून बघायचे, जायचे, पुन्हा यायचे. समोरचा न्हावी म्हणायचा, "अहो, एखादा चोरसुद्धा इतक्या वेळा ओढून बघणार नाही!"

मुलगी कॉलेजात होती तेव्हा ती बसमध्ये चढायच्या आत यांचा फोन, "पोचलीस का?" बायको शिंकली की हे निघाले तिच्या छातीचा फोटो काढायला. चर्चमध्ये यांच्यावर प्रार्थनेची पाळी आली की जुनीजाणती माणसं आधीच पाय मोकळे करून बसायची. "प्रभू, माझी मुलगी बसने जाते. ती पुढच्या दाराने चढते, कारण मागचं दार नीट लागत नाही. तो चष्मेवाला ड्रायव्हर असला तर ठीक आहे, पण दुसरा असला तर त्याला जरा सांभाळ, तो वळणावर ब्रेक लावत नाही..." देवाला पत्ता, वेळ, खाणाखुणा, सगळं समजावून सांगायचं. आणि आमेन म्हटल्यावर डोळे उघडून इकडेतिकडे बघायचं, काम सुरू झालं की नाही.

गंमत अशी की दुकानात हाच माणूस अगदी उलटा वागायचा. तिथे त्यांना एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकाचा संताप होता. जोडा दुरुस्तीला देतो आणि तिथेच उभा राहतो, तो. "इथे एक टाका मारा. अहो, तिथे नको. तेवढं चामडं पुरेल का? सरस वाळला का?" असा माणूस आला की काळजीवाहू हातातली आरी खाली ठेवायचे आणि चष्म्यावरून बघत म्हणायचे, "साहेब, जोडा ठेवून जा, नाहीतर जोडा घेऊन जा. माझ्या डोक्यावर उभं राहून काम होत नसतं." माणूस चरफडत जायचा. जोडा मात्र ठेवून जायचा, कारण यांच्यासारखा टाका गावात दुसऱ्या कुणाला जमत नव्हता.

हा टाका त्यांच्या उजव्या डोळ्यावर चालायचा. डावा डोळा लहानपणापासून नावालाच. रस्ता ओलांडायला, माणूस ओळखायला पुरायचा, पण सुईचं नाकं, आरीचं टोक, चामड्याची शीर, हे सगळं उजव्याचं काम. त्या उजव्या डोळ्यापुढे एका सकाळी काळे धागे तरंगायला लागले. दुपारपर्यंत कोपऱ्यातून कुणी सावकाश पडदा ओढावा तसं झालं आणि अर्धं दुकान दिसेनासं झालं. आयुष्यभर हजार नसत्या गोष्टींची काळजी केली होती बिचाऱ्यांनी, पण डोळ्याची कधी केली नव्हती. ती यादीतच नव्हती.

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी दिव्याखाली बघितलं आणि म्हणाल्या, "आतला पडदा सुटलाय." दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं. ते बरं झालं म्हणायचं, कारण फार विचार करायला वेळ मिळाला नाही. खरी परीक्षा नंतर होती.

"आत गॅसचा बुडबुडा सोडलाय," डॉक्टरबाईंनी समजावलं. "बुडबुडा नेहमी वर जातो. तुम्ही तोंड जमिनीकडे ठेवलंत की तो मागे जाऊन पडद्याला टेकतो आणि त्याला जागेवर दाबून धरतो. मान वर केलीत की तो सरकला. म्हणून आठवडाभर मान खाली. बसा, झोपा, पण तोंड खाली. जेवायला उठा, न्हाणीघरात जा, तेव्हाही मान खालीच. आणि एक सांगून ठेवते, या डोळ्याने काही दिसतंय का हे बघायला जाऊ नका. बुडबुडा आहे तोवर सगळं गढूळच दिसणार."

"आणि माझं काम काय?" काळजीवाहूंनी विचारलं.

"हेच. काही न करणं."

"आणि नाही बसला पडदा तर?"

"तर पुढचं पुढे बघू," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या पेशंटकडे वळल्या. पुढचं पुढे बघू! काळजीवाहूंनी उभ्या जन्मात कधी पुढचं पुढे बघितलं नव्हतं. पुढचं ते आधीच बघून ठेवायचे, आणि तेही वाईटात वाईट.

घरी मुलीने त्यांच्यासाठी एक स्टूल तयार करून ठेवलं होतं. आता दुकानात तीच बसायची. जुन्या स्टुलाच्या फळीला तोंड मावेल एवढं भोक पाडलं होतं, कडेने स्पंज लावून त्यावर मऊ चामडं ओढलं होतं आणि ते चारी बाजूंनी शिवलं होतं. समोर खुर्चीत बसायचं, कपाळ आणि गाल त्या भोकाच्या कडेवर टेकवायचे आणि खालची फरशी बघत राहायचं. काळजीवाहूंनी तोंड घातलं आणि पहिलं वाक्य बोलले, "टाका लांब पडलाय."

"पप्पा!"

"अगं, माझ्या डाव्या डोळ्याला दिसतंय म्हणजे लांबच पडलाय की! उसव आणि परत घाल."

"तुमचं तोंड आहे पप्पा, बूट नाही. पायाखाली जायचं नाहीये," मुलगी म्हणाली आणि दुकानात निघून गेली. बायको स्वयंपाकघरात तोंडावर पदर धरून हसली. पण ते हसणं काही फार टिकलं नाही, हे त्यांना ऐकू आलं.

मग सुरू झाले ते दिवस. जगात फक्त फरशी आणि पाय. कोण आलं हे चपलांवरून कळायचं. बायकोच्या सपाता घासत यायच्या, मुलीचे बूट टणटण. चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले ते काळजीवाहूंनी उंबऱ्यातच ओळखले, कारण त्यांच्या बुटाला तळ यांनीच बसवला होता आणि पाळकसाहेब डावी टाच झिजवून चालायचे.

"काका, कसं वाटतंय?"

"कसं वाटणार? जीव टांगणीला लागलाय."

"काळजी करू नका," पाळकसाहेब म्हणाले.

झालं! काळजीवाहूंच्या मस्तकात सणक गेली. काळजी करू नका म्हणायला कुणाचं काय जातं? पोहता न येणाऱ्याला काठावरून सांगायचं, बुडू नका. पण पाळक वयाने लहान, स्वभावाने गरीब, म्हणून ते एवढंच म्हणाले, "पाळकसाहेब, तुमची लेस सुटलीय. जिन्यावर पडाल." पाळकसाहेब खाली बसले, लेस बांधली, आणि बसलेच आहोत तर म्हणून तिथेच, स्टुलाखाली डोकं वाकवून, अगदी दोन वाक्यांची प्रार्थना केली. फरशीजवळ त्यांचा चेहरा दिसला. कपाळावर घाम होता. त्यांनाही काय बोलावं ते सुचत नव्हतं, हे काळजीवाहूंना कळलं आणि त्यांचा राग गेला. काळजी मात्र जिथल्या तिथे राहिली.

कारण काळजीवाहूंची प्रार्थना तर चोवीस तास चालूच होती. "प्रभू, बुडबुडा जरा डावीकडे गेलाय असं वाटतंय, तो मधे घे. वरच्या कोपऱ्यात पडदा जास्त सुटला होता, तिथे आधी लक्ष दे. आत्ता मी शिंकलो, त्याने काही हललं का बघ." असं दिवसभर. सांगून झालं की पुन्हा पहिल्यापासून, कारण मधलं एखादं राहिलं असेल तर? अन्न गोड लागेना, झोप लागेना. आणि आतून सारखं एकच टोचायचं. दिसतंय का? त्या डोळ्याने दिसतंय का? बायको थेंब घालायची तेव्हा डोळा क्षणभर उघडायचा, पण तेव्हा सगळं ओलंच ओलं. ती लगेच वरची जाळी चिकटपट्टीने लावून टाकायची. बघायला म्हणून सापडायचं नाही.

आठवडा सरत आला होता तेव्हाची दुपार. बायको औषधांच्या दुकानात गेली होती. मुलगी कामावर. घरात टिकटिक करणारं घड्याळ आणि हे. आणि एकदम मनात आलं, बघू तरी. एकदाच. नुसती खात्री करून घेऊ. बरं असलं तर उगाच इतके दिवस का जळायचं? आणि बरं नसलं तर लवकर कळलेलं चांगलं नाही का? किती शहाणपणाचं वाटलं म्हणून सांगू! काळजी अशीच बोलते, अगदी घरातल्या शहाण्या माणसासारखी.

ते उठले. मान ताठ केली, आठवडाभरानंतर पहिल्यांदा, आणि मणके कडकडले. चिकटपट्टी सोलली, जाळी काढली, डावा डोळा तळहाताने झाकला आणि खिडकीकडे बघितलं.

गढूळ पाणी. बादलीत फडकं पिळल्यावर होतं तसं. त्यात एक काळी रेघ डुचमळत होती. खिडकी नव्हती, गजही नव्हते. समोर हात धरला, बोटं हलवली. काहीतरी हललं एवढंच.

डॉक्टरबाईंनी गढूळ दिसेल म्हणून बजावलं होतं, हे त्या घटकेला त्यांच्या डोक्यातून साफ पुसून गेलं. त्यांना दिसली ती आरी, सुई, दुकानातला दिवा, आणि त्यांच्या जागी कायमची बसलेली मुलगी. मग दुसरी धडकी भरली. आपण मान वर केलीय! बुडबुडा सरकला असेल! बसत आलेला पडदा आपणच सोडवला असेल! धडपडत त्यांनी जाळी लावली, चिकटपट्टी दाबली आणि स्टुलात तोंड खुपसलं. छाती अशी धडधडत होती की स्टूल हलत होतं.

बायको आली. थेंबांची बाटली ठेवली. जवळ येऊन वाकली आणि थांबली.

"ही पट्टी उलटी कशी लागली? मी अशी लावत नाही."

"सैल झाली होती," ते फरशीला म्हणाले.

सपाता घासत आत गेल्या. संध्याकाळी तिने सूप आणि पाव आणून ठेवला. त्यांनी चमचा उचलला, ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. आणि मग मान खाली घालूनच, भांड्यातल्या सुपाकडे बघत, सगळं सांगून टाकलं. मान वर केली, जाळी काढली, बघितलं, काही दिसलं नाही.

"अहो!" ती ओरडली. "लहान आहात का तुम्ही? त्या बाईंनी दहादा सांगितलं होतं! मी एक अर्धा तास बाहेर जायचं नाही का? पाय बांधून ठेवू का तुमचे?" मग ती दाराकडे गेली, फोन उचलला, दवाखान्यात लावला. डॉक्टरबाई ऑपरेशनमध्ये होत्या. नर्सने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दोन मिनिटांनी बहुतेक काही होत नाही. पण होणारच नाही असं मी कशी सांगू? आता मान खाली ठेवा आणि परवा तपासणीला या. तेव्हाच कळेल."

फोन ठेवला. काळजीवाहू वाट बघत होते की ती आणखी बोलेल, बोलू दे, बोलणी खायला त्यांची तयारी होती. पण ती खाली फरशीवर बसली. स्टुलाच्या भोकातून त्यांना तिचे हात दिसले. मांडीवर होते आणि थरथरत होते.

"तू घाबरलीस?" त्यांनी विचारलं. खरंच आश्चर्य वाटलं होतं त्यांना. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना वाटायचं, हिला भीती म्हणून माहीत नाही. काळजी करायचं खातं यांच्याकडे, आणि निवांत राहायचं तिच्याकडे.

"मग? घाबरायचा मक्ता तुम्ही एकट्यानेच घेतलाय का?" ती म्हणाली आणि रडायला लागली. "मी रोज सकाळी चहाचं आधण ठेवताना तुमचा डोळा त्याच्या हातात देते. म्हणते, प्रभू, हा तुझा. दुपारी भांडी घासताना बघते तर परत माझ्याच हातात. मग पुन्हा देते. काल तर कितींदा दिला, मोजलं नाही मी."

"कितींदा? आणि तो कंटाळत नाही?"

"मी विचारलं नाही," ती नाक पुसत म्हणाली. "त्याने घ्यायचं कधी थांबवलं नाही, एवढं खरं."

भोकाच्या कडेला मुलीने घातलेले टाके काळजीवाहूंच्या डोळ्यासमोर होते. त्यांच्या मनात इतक्या दिवसांच्या स्वतःच्याच प्रार्थना यायला लागल्या. तिथे एक टाका मार. इथे नको. तो कोपरा आधी घे. वाळला का? आणि त्यांना एकदम आपलंच दुकान दिसलं. पायऱ्या उतरून आलेलं ते नकोसं गिऱ्हाईक, मान पुढे काढून, हात चोळत उभं. फक्त तोंड यांचं.

"अगं," ते म्हणाले, "मी उभं राहणारं गिऱ्हाईक आहे."

"काय?"

"देवाच्या दुकानात. जोडा दिलाय आणि हलतच नाहीये तिथून. मी असल्या माणसाला हाकलून देतो."

तिला रडता रडता हसू फुटलं. "त्याने अजून हाकललं नाही तुम्हाला, ही कृपा समजा."

"डोळा गेला असेल तर?"

"तर गेला असेल. तरी डोळा त्याच्याकडेच आहे ना? रस्त्यावर तर नाही पडलेला." हे म्हणताना तिचा आवाज फुटला. तिचं मन काही दगडाचं नव्हतं. पण शब्द तिने मागे घेतले नाहीत.

तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. काळजीवाहूंनी प्रार्थनेला सुरुवात केली, आणि सवयीने तोंडात आलं, "प्रभू, परवा तपासणी आहे, त्याआधी वरचा कोपरा..." तिथे ते थांबले. जीभ चावली. मग म्हणाले, "प्रभू, डोळा ठेवून जातो. आमेन."

एवढीच. बायकोने वाट बघितली, पुढे काही येतंय का. आलं नाही. तिने सूप पुन्हा गरम केलं आणि त्यांनी ते पाव बुडवून सगळं संपवलं.

आता यानंतर त्यांची काळजी छूमंतर झाली असं कुणी सांगेल तर विश्वास ठेवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी ते देवाच्या पायऱ्या उतरून हजर, "झाला का हो?" आठवण झाली की परत वळायचे. "ठेवून जातो." तासाभराने पुन्हा. पण एक फरक पडला होता. आधी ते तिथेच उभे असायचे. आता जाऊन यायचे. आणि जाण्यायेण्याच्या मधल्या वेळात त्यांना भूक लागायची, मुलीच्या गप्पा ऐकाव्याशा वाटायच्या, आणि दुपारी तर स्टुलात तोंड घालून ते चक्क घोरले. मुलगी जेवायला आली होती, ती आईला म्हणाली, "पप्पांना काय झालं? बरे आहेत ना?" काळजी करायला घरात आता तीच उरली होती.

तपासणीच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर ते मान खाली घालून बसले. बायको चिठ्ठी द्यायला खिडकीशी रांगेत उभी होती. शेजारी कुणी येऊन बसलं. बायकांची चप्पल, निळ्या पट्ट्यांची, एका बाजूने झिजलेली. त्यातला एक पाय सारखा हलत होता. पर्स उघडल्याचा आवाज, बंद केल्याचा, पुन्हा उघडल्याचा. मग त्या बाईंनी चाव्या बाहेर काढल्या, बघितल्या आणि आत टाकल्या. काळजीवाहूंना बघता बघता ओळख पटली. अहो, ही तर आपल्याच घराण्यातली!

"तुमचं झालं का ऑपरेशन?" बाईंनी विचारलं.

"झालं. पडद्याचं."

"माझंही तेच. आत्ता, थोड्या वेळाने." पाय आणखी जोरात हलायला लागला. "मुलाला कामावरून सुट्टी नाही मिळाली. संध्याकाळी येईल. दुखतं का हो?"

"नाही. नंतर मान दुखते."

"आणि दिसतंय का तुम्हाला?"

"माहीत नाही. आज कळेल."

"आज कळणार आहे?" त्या जवळजवळ ओरडल्या. "मग तुम्ही असे शांत कसे बसलात? मला तर रात्रभर डोळा लागला नाही."

"मी शांत?" काळजीवाहूंनाच नवल वाटलं. आजवर त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. "नाही हो बाई. सकाळपासून चारदा घाबरून झालंय. चारदा देवाच्या हातात देऊन झालंय. तुम्ही पाचव्या वेळेच्या आधी आलात." त्या बाई थोडं हसल्या. मग काळजीवाहूंनी भीतभीत विचारलं, "तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल? मी ख्रिस्ती आहे. तुमची हरकत नसेल तर."

पाय हलायचा थांबला. "करा," त्या म्हणाल्या. "मनातल्या मनात करा. इथे लोक आहेत."

काळजीवाहूंनी डोळे मिटले. नाव माहीत नव्हतं, चेहरा बघितला नव्हता, पत्ता तर नाहीच. खाणाखुणा सांगायला होतं काय? निळ्या पट्ट्यांची चप्पल. "प्रभू, या बाईंना घाबरल्यासारखं झालंय," ते मनात म्हणाले. "त्या एकट्या आहेत. एकट्या ठेवू नकोस." आणि तिथेच, त्या बाईंच्या भीतीजवळ, ते बसून राहिले. स्वतःला ती भीती चांगली माहीत होती, म्हणून फार शब्द लागले नाहीत.

नर्सने काळजीवाहूंना हाक मारली. मग पुन्हा मारली. बायको धावत आली. "अहो, लक्ष कुठाय? केव्हाची बोलावतेय ती! झोप लागली का?"

आत डॉक्टरबाईंनी जाळी काढली, दिवा लावला, भिंग धरलं. वर बघा, खाली बघा, डावीकडे, उजवीकडे. बायकोने काळजीवाहूंचा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. डॉक्टरबाईंनी पुन्हा एकदा सगळं बघितलं आणि दिवा बंद केला.

"बसलाय पडदा. सगळीकडून."

बायकोने "प्रभू!" म्हटलं आणि तिथल्या खुर्चीत बसून ओक्साबोक्शी रडली. काळजीवाहूंनी उलट्या लावलेल्या पट्टीचा गुन्हा कबूल केला तेव्हा डॉक्टरबाई जाळी परत लावत म्हणाल्या, "फोनबद्दल कळलं होतं मला. वाचलात. आता मान वर करायला हरकत नाही. बुडबुडा विरत जाईल तसं वरून स्वच्छ दिसायला लागेल. आजही थोडं दिसायला हवं."

बाहेर आले तर बाक रिकामा. बायको डोळे पुसत म्हणाली, "चला, मुलीला आधी सांगू." पण काळजीवाहू जागचे हलले नाहीत. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराबाहेर, भिंतीशी, निळ्या पट्ट्यांची चप्पल काढून ठेवली होती. एक सरळ, एक वाकडी, घाईत काढल्यासारखी.

"मुलीला फोन कर," ते म्हणाले. "आपण थांबू या. त्या बाईंचं कुणी नाहीये इथे. बाहेर आल्यावर कुणीतरी असायला हवं."

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. मुलीला फोन केला, दोघी फोनवर थोडं रडल्या, थोडं हसल्या, आणि मग ती येऊन त्यांच्या शेजारी बाकावर बसली. काळजीवाहू वाकडी पडलेली चप्पल सरळ करून आले. बराच वेळ गेला.

दार उघडलं. ढकलगाडीवर त्या बाईंना बाहेर आणलं, एका कुशीवर, तोंड खाली केलेलं, डोळ्यावर जाळी. काळजीवाहू जाऊन गुडघ्यांवर बसले, म्हणजे त्यांना दिसावं म्हणून. त्या बाईंनी मोकळा डोळा उघडला आणि बराच वेळ बघत राहिल्या. त्यांनीही या माणसाची मान वर झालेली पहिल्यांदाच बघितली होती.

"तुम्ही थांबलात?"

"थांबलो. तुमचा मुलगा येईपर्यंत आहोत आम्ही."

त्यांच्या डोळ्यातून पाणी आलं आणि नाकावरून खाली उशीवर गेलं. मग, घाबरणाऱ्या माणसाने घाबरणाऱ्याला विचारावं तसं, अगदी हळू, त्यांनी विचारलं, "आणि तुमचं? दिसतंय का त्या डोळ्याने?"

काळजीवाहू उत्तर द्यायला गेले आणि थांबले. बायकोही पुढे वाकली. तिच्याही आत्ताच ध्यानात आलं.

"अरेच्चा," ते म्हणाले, "ते बघायचं राहूनच गेलं."